दोन श्रावणांतले आठ रविवार

दोन हजार तेवीस साल. त्या वर्षी अधिक महिना श्रावणाचा आला, म्हणून श्रावण दोन झाले. दोन्ही कोरडे गेले. या गोष्टी त्या दोन श्रावणांतल्या आठ रविवारच्या आहेत.

पत्ते खेळणाऱ्याकडं किस्से आपोआप साठतात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरण्यात माझी पन्नास वर्षं गेली. त्यातलं काही सांगा म्हटलं तर मला सांगता येणार नाही. पण पलूसच्या चौकात कुणी भेटलं की विचारतं, "मिस्त्री, ते जावयाचं काय झालं होतं?" मी सांगतो आणि चालू लागतो. आठ दिवसांनी तोच माणूस तोच किस्सा मलाच ऐकवतो. त्यात मी न केलेल्या चार गोष्टी जास्त असतात. म्हणून झालं तसं लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन सुनेनं तपासलं. मजकुराला हात लावू दिला नाही.

*

खेळणारे आम्ही चौघं. एक मी. दुसरा हवालदार सर्जेराव, मिलिटरीतून पेन्शनीत आलेला, माझ्याच वयाचा. तिसरा दत्तू, तो दूध डेअरीवर फॅट काढतो, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. चौथा आमच्या गावच्या महादेवाचा गुरव.

जागा इब्राहिमभाईच्या शेडची. इब्राहिम बेदाण्याचा व्यापारी. द्राक्षं वाळवायचं त्याचं शेड माळावर आहे. उन्हाळा सरला की जाळ्या रिकाम्या होतात आणि शेडात वारं खेळतं. दुपारी दोन ते पाच बसायला तिथल्यासारखी जागा नाही. इब्राहिम स्वतः खेळत नाही. चहा करतो, पानं गोळा करतो, पिसून देतो. त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं, "माज्या शेडात पैसा लागला तर त्याच दिवशी कुलूप घालीन. जुगार माज्या जागंत न्हाई."

खेळ तीन पानी. प्रत्येकाला तीन पानं. ज्याला भरवसा वाटतो तो लावत जातो. ज्याला वाटत नाही तो पानं टाकतो, त्याला पॅक म्हणतात. शेवटी दोघं राहिले की शो. तिन्ही पानं एकसारखी आली तर ती ट्रेल, तिच्यावर दुसरं काही चालत नाही. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

पैसा नाही म्हटल्यावर लावायचं काय? एक रविवार नुसतेच खेळलो. कुणी पान टाकेना. हरण्यात काही जातच नव्हतं, टाकायचं कशासाठी? संध्याकाळी गुरव म्हणाला, "पैरा लावूया."

पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. आमच्याकडं तो पूर्वीपासून आहे. ठरलं असं की प्रत्येकानं शंभर चिंचोके घेऊन बसायचं. पाच वाजता ज्याच्याकडं सगळ्यात कमी राहतील त्यानं सगळ्यात जास्तवाल्याच्या रानात एक दिवस काम करायचं. सगळ्यांनी इब्राहिमकडं बघितलं. त्यानं आख्खा कप चहा संपवला. मग म्हणाला, "पैरा म्हंजे मदत. मदतीला माझी ना न्हाई."

त्या नुसत्या रविवारानंतरचे आठ रविवार मी मोजतो. त्यांतले सात मी जिंकलो.

*

पाण्याचं आधी सांगतो, कारण त्या दोन महिन्यांत आमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझी आणि हवालदाराची विहीर सामाईक. वाटेकरी आम्ही दोघंच. मोटार एक, ती मीच भरलेली. त्या वर्षी विहिरीला पाणी इतकं कमी यायचं की आठवड्यात दोनदाच मोटार चालायची. मंगळवारी माझी पाळी, शुक्रवारी हवालदाराची. एरवी दिवाळीनंतर येणारी म्हसवडकडची मेंढरं त्या साली श्रावणातच आमच्या शिवारात उतरली होती. यावरून काय ते समजा.

माझ्या रानात ऊस आणि थोडा कांदा. ऊस दम धरतो. हवालदाराच्या रानात एकरभर हळद. हळद दम धरत नाही. त्याच्या एका पाळीत अर्धंच रान भिजायचं. उरलेल्या अर्ध्याची पानं दर आठवड्याला थोडी जास्त गुंडाळायची. त्याला आणखी एक पाळी हवी होती हे मला दिसत होतं. मला दिसतं हे त्याला दिसत होतं. पण हवालदार मागणार नाही. आणि न मागता दिलं तर घेणार नाही.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. काही वर्षांमागं त्याच्या घरच्या कडबा-कुट्टीचा स्टार्टर जळाला होता. मी दुरुस्त करून दिला आणि राहू दे म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो माझ्या दुकानापुढं रंगाचा डबा घेऊन उभा. शटर बंद होतं तोवर त्यानं ते पूर्ण रंगवलं. मिलिटरीचा हिरवा. आठ दिवस लोक येऊन विचारायचे, भरती इथंच आहे का.

*

आता किस्से.

पहिल्या रविवारी चिंचोके नव्हते. शेडाच्या कोपऱ्यात झाडलोटीचा बेदाणा पडला होता, तोच निवडून शंभर-शंभर वाटून घेतला. त्या दिवशी गुरवाचा उपवास. अधिक महिन्यात तो महिनाभर एकभुक्त असतो. तो पानं बघायचा आणि विचार करायचा. विचार करताना त्याचा हात खाली जायचा, मग तोंडाकडं जायचा. त्याचं त्याला भान नव्हतं. आमचं लक्ष पानात.

चार वाजता त्याला ट्रेल आली. तीन राण्या. ती त्यानं नंतर दाखवली. आम्ही दोघंतिघं लावत गेलो. डाव भरला. गुरवाची पाळी आली. त्यानं खाली बघितलं. समोर देठं होती.

दत्तू म्हणाला, "गुरवबाबा, लावा की."

गुरवानं तिन्ही राण्या पालथ्या ठेवल्या. म्हणाला, "उपास हाय. पॅक."

पुढच्या रविवारपासून चिंचोके आले.

*

तिसऱ्या रविवारी दत्तूनं जावई आणला.

अधिक महिना जावयाचा. सासरी बोलावतात, पाय धुतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खायला घालतात, चांदीचं काहीतरी देतात. दत्तूचा जावई खंडाळ्याकडचा. तिथल्या कंपनीत सुपरवायझर. मित्रांबरोबर वर्षातून एकदा गोव्याला जातो आणि बोटीवर पोकर खेळतो. त्यानं आमचा खेळ पाच मिनिटं बघितला आणि म्हणाला, "हा पोकरचा धाकटा भाऊ आहे. मला घ्या."

घेतला. त्यानं आम्हाला शिकवायला सुरुवात केली. पॅक म्हणायचं नाही, फोल्ड म्हणायचं. चेहरा दगडासारखा ठेवायचा. समोरच्याच्या मानेकडं बघायचं. सासऱ्यानं एकदा पान टाकलं तर म्हणाला, "बाबा, एवढ्यावर फोल्ड करतात का? तुम्ही फार लवकर फोल्ड करता." स्वतः मात्र एकही पान टाकलं नाही. बोटीवर टाकत असेल. इथं चार म्हाताऱ्यांसमोर टाकायचं त्याला जड गेलं. पाच वाजता त्याच्याकडं सात चिंचोके राहिले. माझ्याकडं अडीचशेच्या वर.

नियम तो नियम. सोमवारी त्यानं माझा कांदा खुरपायचा.

सकाळी दत्तूची बायको माझ्या दारात. म्हणाली, "आवं मिस्त्री, काल ज्येचं पाय धुतलं त्येला आज ढेकळात घालता? वर्षानं न्हाई, तीन वर्षानं येतोय अधिक महिना."

मी म्हणालो, नियम मी केलेला नाही, गुरवानं केला. ती गुरवाकडं गेली. गुरवानं सांगितलं, जावयाच्या ऐवजी सासरा चालेल.

दत्तू डेअरीवर रजा टाकून आला आणि वाफ्यात बसला. ऊन मरणाचं. जावयालाही घरी बसवेना. नवे कपडे घालून तो बांधावर बाभळीच्या सावलीत येऊन उभा राहिला. हातात अनारशांचा डबा. एक एक खात होता आणि सासऱ्याचं काम बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा, मागं तो हरळीचा बुडखा राहिला."

दत्तूनं मान वर केली नाही. म्हणाला, "पाव्हणं, आता तुमी फोल्ड व्हा."

*

लोक विचारतात, सात रविवार जिंकलासा कसा. पानं काही मला जास्त चांगली येत नव्हती. मी टाकत होतो.

एकदा मला दोन एक्के आले. जोडीत त्याच्यावर जोडी नाही. दत्तू लावत होता. दत्तूचं असं आहे की तो सतत बोलतो. अमक्याच्या म्हशीची फॅट, तमक्याचं पाणी घातलेलं दूध, भाव, संचालक. त्या डावाला तो गप्प बसला होता. मी एक्के टाकले.

दत्तू मोडला. त्याला बदामाची ओळीनं तीन पानं आली होती, छक्की, सत्ती, अठ्ठी. वर्षातून एकदा येतात तसली. ती उघडी करून तो म्हणाला, "एकदा तरी बघायला यायचं की ओ मिस्त्री. येवढी पानं आली आन् चार चिंचोक्यात गेली."

मी त्याला सांगितलं, मोटारीचा आवाज बदलला की मी स्टार्टर बंद करतो. आत काय जळतंय ते बघायला चालू ठेवत नाही.

पुढच्या रविवारपासून दत्तू चांगली पानं आली की मुद्दाम जास्त बोलायला लागला. मी तेव्हाही टाकली. त्याचा फॅट मोजायचा सूर आणि पत्त्याचा सूर वेगळा आहे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

*

हवालदाराशी खेळणं सगळ्यात सोपं. तो थाप मारत नाही. पानं आली की दोनदा बघतो, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. नसेल काही तर पहिल्या फेरीला टाकतो. असेल तरच लावतो. त्यामुळं त्यानं लावलं की आम्ही तिघंही टाकायचो. चांगल्या पानांवर त्याला डावाच्या तोंडाला प्रत्येकानं टाकलेले तेवढे चार चिंचोके मिळायचे. बाकीच्या डावांत एक एक करून जायचे. असा माणूस हळूहळू हरतो.

मी एकदा त्याला म्हणालो, अधूनमधून खोटं लाव. म्हणाला, "पंचवीस वर्षं नोकरीत खोटा रिपोर्ट दिला न्हाई. चिंचोक्यासाठी देऊ?"

पैरा फेडायला मात्र त्याच्यासारखा कोणी नाही. सहाच्या ठोक्याला बांधावर हजर. कांद्याच्या वाफ्यात दोरी बांधून खुरपायचा. दुपारी एक ते दोन जेवण, बरोबर दोनला उभा. त्याचा गुडघा दुखतो हे मला माहीत आहे. त्यानं दाखवलं नाही, मी विचारलं नाही. संध्याकाळी जाताना उपटलेलं गवत त्यानं पेंढ्या बांधून, उंचीप्रमाणं लावून ठेवलेलं असायचं.

*

मधे एकदा पोलीस खात्यातला एक माणूस आला. मोटारसायकल शेडाबाहेर लावली, टोपी काढली आणि आत आला. कुणीतरी सांगितलं होतं की माळावर तीन पानी चालतंय.

त्यानं आमच्याकडं बघितलं, पत्त्यांकडं बघितलं. मग चिंचोके बघितले. एक उचलून उजेडात धरला. विचारलं, एका चिंचोक्याचे किती?

इब्राहिमनं त्याच्यापुढं चहा ठेवला. दत्तू म्हणाला, "सायेब, शंबर गेले की एक दिवस खुरपायचं."

त्याचा विश्वास बसेना. हवालदार उठला, सावधान उभा राहिला आणि सगळा नियम त्याला पहिल्यापासून सांगितला. गेल्या सोमवारी कोण कुणाच्या रानात होतं, किती वाफे झाले, सगळं. तो माणूस ऐकत गेला. चहा संपला. खिशातली वही त्यानं काढली होती ती परत ठेवली.

जाताना दारात थांबून म्हणाला, "माझं पण वीस गुंठं सोयाबीन हाय. तणानं भरलंय." आणि थोडा वेळ आमच्या वर्तुळात रिकामी जागा आहे का ते बघत उभा राहिला.

*

सहावा रविवार झाला तेव्हा माझा कांदा गावात सगळ्यात स्वच्छ होता. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

सोमवारी रात्रीचं जेवण चाललं होतं. बायको समोर बसलेली. पैऱ्याला आलेल्या माणसाला दोन्ही वेळचं घालायचं असतं. हवालदार पाच भाकरी खातो. गुरव उपासाचा, त्याला वरी आणि शेंगदाण्याची आमटी वेगळी. दत्तूला दर दोन तासांनी चहा. दत्तूच्या वेळी जावईही जेवायला थांबला होता, आणि जावई म्हटल्यावर ताटात चटणी-भाकरी वाढता येत नाही.

मी तिला म्हणालो, सहा रविवार झाले, हरलो नाही.

ती म्हणाली, "जिंकता तुमी. चुलीपुढं हरते मी."

सातवाही मी जिंकलो. त्यात हवालदारच हरला, लागोपाठ दुसऱ्यांदा. सोमवारी आला तेव्हा त्यानं वाटेत हळदीकडं बघितलं नाही. रस्ता तिथूनच आहे.

*

आठवा रविवार. दुसरा श्रावण संपत आलेला. पाऊस नाही. हळदीचं खालचं अर्धं रान सकाळी अकरालाच पानं गुंडाळून घ्यायचं. शुक्रवारची त्याची पाळी वरच्या अर्ध्यात संपली होती. पुढची शुक्रवारपर्यंत नाही. इतके दिवस हळद तग धरणार नव्हती. मंगळवारची पाळी माझी.

चार वाजले होते. दत्तू आणि गुरव थोडे थोडे हरले होते. हवालदाराकडं चौदा चिंचोके राहिले. माझ्यापुढं ढीग. इब्राहिमनं पानं पिसली. हवालदारानं त्याचा हात धरला. मला म्हणाला, "मिस्त्री, एक डाव दोघांचा. माझे चार पैरे. तुझी मंगळवारची पाळी."

पंचवीस वर्षं खोटा रिपोर्ट न देणारा माणूस. हे म्हणताना तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या ढिगाकडं बघत होता.

इब्राहिमनं पानं खाली ठेवली. म्हणाला, "पाणी न्हाई. पाणी कुणाच्या बापाचं न्हाई, ते डावाला लावायचं न्हाई. माज्या शेडात तर न्हाईच."

हवालदारानं चौदा चिंचोके इब्राहिमकडं सरकवले आणि उठायला लागला. गुडघ्यावर हात ठेवून, हळू.

मी म्हणालो, "बस. पाणी लावत न्हाई. मी पैरा लावतो. हरलो तर मंगळवारी तुझ्या रानात दिवसभर दारं धरीन."

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका सरीत वळवणं. मंगळवारी विहिरीत पाणी कुणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी उच्चारलं नाही. इब्राहिमनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पानं उचलली. "पैऱ्याला ना न्हाई," म्हणाला.

एकच डाव. दोघांनाही चिंचोके सारखे वाटून घेतले. तीन तीन पानं आली.

मी उचलली. दश्शी. दश्शी. तिसरी उघडली, दश्शी. आठ रविवारांत मला आलेली पहिली ट्रेल.

हवालदारानं पानं एकदा बघितली. एकदाच. आणि लगेच दहा लावले.

मी दहा लावले. त्यानं वीस. मी वीस. त्यानं चाळीस लावले. त्याचा हात स्थिर होता. चेहराही. पण त्यानं पानं उजवीकडून बघितली नव्हती.

माझ्याकडं लावायला होतं. शो मागता येत होता. मी पानांकडं परत बघितलं नाही.

मी म्हणालो, "पॅक."

पानं पालथी सरकवली. इब्राहिमनं ती गड्डीत घातली. गोळा करताना तो पानं बघत नाही. त्या दिवशी बघितली का, ते माझ्या ध्यानात नाही.

आमच्यात टाकलेली पानं दाखवत नाहीत. जिंकलेल्यानंही दाखवायची गरज नसते. पण हवालदारानं स्वतःची उलटी केली. बदामाची दुर्री, किलवरची सत्ती, चौकटचा गुलाम. काहीच नाही.

गुरवानं हात कपाळाला लावला. दत्तू हसायला लागला. म्हणाला, "मिस्त्री, आवं काय हे? दुर्रीला भ्यालासा?"

सगळे माझ्याकडं बघत होते. हवालदारसुद्धा.

मी म्हणालो, "व्हय."

संध्याकाळपर्यंत ते चौकात पोचलं. पुढं वर्षभर कुणी हरलं, कचरलं, मागं सरलं की म्हणायचं, मिस्त्री झाला. माझ्या दुकानात मोटार घेऊन येणारेही म्हणायचे. मी त्यांच्या मोटारी भरून दिल्या.

मंगळवारी सकाळी मी हवालदाराच्या रानात गेलो. मोटार चालू केली. खालच्या अर्ध्यात दारं धरली. तो दुसऱ्या टोकाला खोरं घेऊन होता. दुपारी त्याच्या घरून भाकरी आली. बांधावर बसून खाल्ली. तो म्हणाला, मिरची तिखट आहे. मी म्हणालो, आहे. त्याच्याशिवाय बोलणं झालं नाही. पंधरवड्यानं थोडा पाऊस झाला आणि हळद सुटली.

पुढच्या वैशाखात विहिरीनं पुन्हा तळ दाखवला. माझा खोडवा ऊस पिवळा पडला होता. हवालदाराच्या रानात म्हशीपुरता मका होता. त्यालाही पाणी नव्हतं. शुक्रवार उजाडला. पाळी त्याची. मी कोयता विसरलो होतो म्हणून रानात गेलो.

माझ्या उसाच्या सरीत पाणी चाललं होतं. हवालदार पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेऊन दारं धरत होता. बांधापलीकडं त्याच्या मक्यानं माना टाकल्या होत्या.

मी पाटाच्या कडेचं दुसरं खोरं घेतलं आणि खालच्या टोकाला गेलो. दोन वाजता लाईट गेली. पाणी थांबलं. शेवटची सरी तेवढ्यात भिजली होती.

त्यानं खोरं धुतलं, खांद्यावर टाकलं आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"दश्शीची पाळी फिटली," म्हणाला, आणि घराकडं गेला.